बिनइंजिनची शेवटची फेरी

आधीच सांगून ठेवते, मी त्या गाड्यावर हौसेनं बसले नव्हते. "बाईलाच लई हौस होती," असं गावात अजून कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. त्रेपन्न वर्षांची शाळामास्तरीण, अंगावर नेसूचं लुगडं, डोक्यावर पाऊस, आणि बूड कशावर, तर चार चाकं ठोकलेल्या फळीवर! कुठल्या शहाण्या बाईला याची हौस असेल? पण बसले खरी.

आमचं गाव राजेश्वरच्या अलीकडं, तांबड्या माळाच्या उतरंडीवर वसलेलं. वर मारुतीचं देऊळ, खाली वेस, आणि दोन्हींच्या मधे अर्धा किलोमीटरचा उतार. कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठी पुनवेला, याच उतारावरून बैल पळवायचे. वेशीला कडुलिंबाच्या डहाळ्यांचं तोरण बांधलेलं असायचं. ज्याच्या बैलाच्या शिंगानं ते तुटलं तो जिंकला. आणि नुसतं जिंकणं नाही बरं का. पांढऱ्या बैलानं तोडलं तर यंदा ज्वारी चांगली, तांबड्यानं तोडलं तर तूर. लोक काही त्यावर पेरणी ठरवत नव्हते, पण पाभर धरताना एकदा तरी त्याची आठवण काढायचेच.

आता गावात ट्रॅक्टर झाले आणि बैलांच्या उरल्या दोनच जोड्या, त्याही म्हाताऱ्या. त्यांच्या मालकांनी तोंडावर सांगितलं, "त्येंना पळवून कामून पाप घ्यावं?" दोन वर्षांमागं सण तसाच कोरडा जायची वेळ आली होती. तेव्हा आमच्या गल्लीतल्या मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांनी मोबाईलवर काहीतरी बघितलं. कुठल्याशा देशातली माणसं खोक्याला चाकं लावून, बिनइंजिनची, उतारावरून सुसाट खाली येत होती. भाऊ म्हणाले, आपण हेच करू. तोरण तेच, उतार तोच, बैलाच्या जागी गाडा.

पारावरच्या म्हाताऱ्यांनी यावर तीन दिवस खल केला आणि अटी घालून परवानगी दिली. गाड्याला शिंगं पाहिजेत. गाडा आदल्या दिवशी धुतला पाहिजे. त्याला पोळीचा नैवेद्य दाखवला पाहिजे. गाड्यावर दोनच माणसं, एक हाकायला आणि एक ब्रेकला. आणि रंग बैलाला लावतात तोच, तांबड्याला गेरू, पांढऱ्याला चुना. बैलाला कुणी ऑईलपेंट लावत नाही, म्हणून गाड्याला तरी लावावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिली दोन्ही वर्षं उघडीप होती, निभावून गेलं. यंदा मात्र तीन दिवसांपासून झड लागलेली.

आता आमचे हे. यांनी एकतीस वर्षं सरकारी बस चालवली. गावोगावचे लोक यांना डायवरअण्णा म्हणूनच ओळखतात. चार वर्षांपूर्वी साखरेनं डाव्या डोळ्याचा पडदा गेला आणि उजव्यालाही लांबचं धूसर दिसायला लागलं. नेहमीची तपासणी म्हणून गेले ते दुपारी परत आले, दुसऱ्याच्या बसमधून, पाशिंजर होऊन. पायरीवर चपला काढल्या, म्हणाले, "उद्यापासून टेबलावर बसायचंय. वाढ." जेवले आणि झोपले. त्यावर नंतर एक अक्षर नाही. डेपोतल्या टेबलावर तीन वर्षं काढली, मागच्या साली शाल-नारळ घेऊन घरी आले.

मला वाटायचं, बरं झालं, सुटले एकदाचे. कसले सुटतायत! दर सोमवारी खाकी कपड्यांना इस्त्री करून मागायचे. कुठं जायचं नाही, यायचं नाही, कपाटात तीन जोड कडक इस्त्रीचे. आणि यांच्याबरोबर बसनं जाणं म्हणजे तर शिक्षाच. पहिल्याच सीटवर बसायचं, उजवा पाय सगळी वाट फळीवर दाबत राहायचा, आणि तोंडानं पुटपुट, "दाब की रे... गिअर टाक... आंधळायस का?" एकदा एका तरुण ड्रायव्हरनं गाडी थांबवून हात जोडले, "अण्णा, तुम्हीच या की इकडं." सगळी बस हसली. हे हसले नाहीत. तेव्हापासून मला बीदरला डोळ्याच्या इंजेक्शनला यांना न्यायचं म्हटलं की नकोसं व्हायचं, आणि हेही काहीबाही सांगून टाळायचे. दोन इंजेक्शनं चुकली होती.

तर अशा या माणसाच्या नखांत कारहुणवीच्या चार दिवस आधी मला गेरू दिसला.

"हे काय?"

"कुंडीला लावला."

आमच्या घरात कुंडी नाही. मी सरळ धाकट्या दिरांच्या गोठ्यात गेले. आणि बघते तर काय, तिथं गाडा! सागवानी फळी, पुढं सुताराकडून करून घेतलेली शिंगं, भंगारातल्या स्कूटरची चाकं, आणि त्यावर बसचं स्टिअरिंग. अहो, खरंच बसचं. बसवकल्याणच्या भंगारवाल्याकडून आणलेलं, पुरणपोळीच्या परातीएवढं. गाडा त्याच्याखाली दिसतसुद्धा नव्हता. माझा संताप झाला आणि हसूही आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी संताप झाला.

"एक डोळा गेलाय, दुसरा जायलाय, आणि हे काय करायलाव तुम्ही? हाडं मोडून घेतली तर मी पाणीसुद्धा विचारणार न्हाई, सांगून ठेवते."

हे स्टिअरिंग पुसत राहिले. मग एकदम म्हणाले, "शेवटच्या ड्यूटीला प्रत्येक डायवरच्या गाडीला हार घालतेत. पोरं नारळ फोडतेत. वाटंतली माणसं हात करतेत. डायवरला म्हाईत असतंय की ही शेवटची फेरी, म्हणून तो सावकाश चालवतो, सगळं बघत बघत. मला कुणी सांगितलंच न्हाई. ज्या दिवशी शेवटची फेरी मारली त्या दिवशी मी आपला ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत चाललो होतो." थांबून म्हणाले, "एकदाच. म्हाईत असताना."

चार वर्षांत एवढं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "करा काय करायचं ते," एवढंच मी म्हणाले आणि घरी येऊन उगाचच डाळ दोनदा निवडली.

कारहुणवीच्या दिवशी सकाळी ओल्या फरशीवर दीर घसरले आणि त्यांची कंबर धरली. ब्रेकवर तेच बसणार होते. यांनी खाकी घातली, बिल्लासुद्धा लावला, आणि भर पावसात दिरांच्या ओसरीवर जाऊन नुसते उभे राहिले. कंबर धरलेला माणूस उठणार कसा? इतर कुणाला विचारावं तर जो तो भिजलेला, हसून सरकणारा. एका डोळ्याच्या म्हाताऱ्यामागं कोण बसतंय? मी छत्री धरून हे सगळं बघत होते. यांनी कुणापुढं हात पसरले नाहीत. गाड्याजवळ गेले आणि शिंगाला बांधलेला गोंडा सोडायला लागले. झालं, म्हणजे आता गाडा परत गोठ्यात न्यायचा.

मला तो गोंडा सोडणं बघवलं नाही. खरं सांगते, इतका राग आला मला, कुणाचा ते अजून कळलं नाही. पदर खोचला, छत्री शेजारणीच्या हातात दिली, आणि जाऊन मागच्या फळीवर बसले.

"बांधा तो गोंडा. आणि ब्रेक कुठला ते दाखवा."

हे माझ्याकडं बघतच राहिले. "तू?"

"मग काय, मारुती येणाराय का बसायला?"

ब्रेक म्हणजे एक लोखंडी दांडा. दोन्ही हातांनी ओढला की टायरचा तुकडा मागच्या चाकावर दाबला जायचा. दोन वेळा ओढून बघितला. गाडा ढकलत वर मारुतीपाशी नेला, तर माझ्या वर्गातली सगळी पोरं देवळाच्या कट्ट्यावर चढून "बाई! बाई!" ओरडत होती, आणि त्यांना गप्प करायला माझ्या हातात छडी नव्हती.

गाडे तीनच होते. गॅरेजवाल्या भावांचा तांबडा, कलबुर्गीला नर्सिंग शिकणाऱ्या दोघी बहिणींचा पांढरा आणि आमचा, तोही तांबडा. निदान सकाळी तसे होते. उतारावर आणेस्तोवर पावसानं रंग धुवायला सुरुवात केली होती. भावांच्या गाड्याखाली तांबडं पाणी, बहिणींच्या गाड्याखाली दूध सांडल्यागत पाणी, आणि आमचा सगळा गेरू यांच्या खाकीवर आणि माझ्या लुगड्यावर. हलगी वाजली की निघायचं असं ठरलेलं. पण हलगीचं कातडं पावसानं इतकं सैल पडलं होतं की टिपरी मारली तर "थप्प" एवढाच आवाज आला. भावांना वाटलं वाजली, बहिणींना वाटलं नाही वाजली, आणि आमच्या यांनी मागं वळून मला विचारलं,

"झाले का सगळे? बेल दे."

म्हणजे मी कंडक्टर! माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "राईट, राईट!" आणि दांडा सोडला.

पहिली दहा पावलं काहीच झालं नाही. मग गाडा असा काही सुटला की मी माहीत असलेल्या सगळ्या देवांना नमस्कार उरकून घेतला. दोन्ही बाजूंनी माणसं, छत्र्या, पोत्याच्या खोळी, सगळं पाण्यातून ओघळत मागं पळत होतं. यांचा चष्मा पावसानं भरलेला. मी मागून ओरडत होते, "डावीकडं खड्डा! अहो डावीकडं!" आणि हे शांत. मी यांना इतकं शांत कधी बघितलं नव्हतं. पाठ ताठ, दोन्ही हात त्या परातीएवढ्या स्टिअरिंगवर सैल ठेवलेले, आणि मधूनच कुणी हाक मारली तर हात वर करून जबाब देणं चालू. "डायवरअण्णाss!" की यांचा हात वर. शर्यत आहे का लग्नाची वरात, मला कळेना.

निम्म्यात बहिणींच्या गाड्याचं पुढचं चाक निखळलं आणि त्या शेजारच्या रानात घुसल्या. चिखलात बसून दोघी खिदळत होत्या, म्हणजे हाडं शाबूत होती. राहिलो आम्ही आणि भाऊ. आणि सांगायला लाज वाटते, पण आम्ही पुढं होतो! आमचा गाडा जड, आणि जड वस्तू एकदा सुटली की आवरत नाही, हे मी पोरांना दरवर्षी शिकवते. आणि आता मीच ओरडत होते, "सोडू नका! दाबा! दाबा!" कशाला दाबायचं, इंजिन कुठं होतं?

वेशीच्या अलीकडं ओढ्यावर एक वळण आहे. तिथं फरशीचा छोटा पूल. त्या वळणावर भाजीवाली मावशी उभी होती. ही मावशी पंचवीस वर्षं त्याच जागी बसला हात करायची, बसवकल्याणच्या बाजाराला मेथी-पालक न्यायला. तिथं थांबा नाही, कधीच नव्हता. पण तिचा हात वर झाला की यांची गाडी थांबायची, आणि आतले पाशिंजर रोज नव्यानं कुरकुरायचे. आज ती डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तिथंच उभी होती, आणि तिनं हात वर केला.

"ब्रेक!" हे ओरडले.

"काय?"

"ब्रेक मार गं!"

या माणसाचा आवाज असा आला की हात आपोआप चालला. दोन्ही हातांनी दांडा ओढला, पाय फळीला रोवले, चाक किंचाळलं, आणि आमचा गाडा मावशीच्या पुढ्यात, तिच्या पायाच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर, थांबला. अगदी बस थांबायची तसा. शेजारून भाऊ "अण्णा, होss!" करत सुसाट निघून गेले.

मी तर रडायचीच बाकी होते. "अहो, शर्यत चाललीय! कामून थांबलाव? हिला कुठं बाजारला जायचंय?"

तेवढ्यात वळणापलीकडून धबाल् आवाज आला, आणि मग भावांचा आरडाओरडा.

मावशी म्हणाली, "सांगायलेच होते की. पूल पाण्याखाली गेलाय. मधी फरशी उखडलीय. कवाधरनं हात करायले, ती पोरं बघंनात."

मी दांडा न सोडता मान उंच करून बघितलं. ओढा पुलावरून वाहत होता, तांबडा, फेसाळ. मधोमध भावांचा गाडा शिंगापर्यंत चिखलात रुतलेला, आणि दोघे कमरेभर पाण्यात उभे राहून एकमेकांना दोष देत होते. लागलं कुणाला नव्हतं. पण ते दोघे पंचविशीतले. यांचं वय आणि यांची साखर घेऊन आम्ही त्या वेगानं तिथं गेलो असतो तर, हा विचार मनात आला आणि मी दांडा आणखी घट्ट आवळला.

"तुम्हाला पाणी दिसलं होतं?" मी हळूच विचारलं.

यांनी चष्मा काढला, ओल्या शर्टाला पुसला, परत लावला. "पाणी कुठलं दिसतंय मला," म्हणाले. "हात दिसला."

मी मावशीकडं बघितलं, तिचा हात अजून वरच होता.

मावशी म्हणाली, "डाव्या अंगानं घे. तिथं फरशी धड हाय, मी चालून बघितलंय." आणि हे सांगता सांगता तिनं लुगडं सावरलं आणि सरळ माझ्या शेजारी फळीवर बसली.

"अगं, दोनच माणसांचा नियम हाय," मी म्हटलं.

"पंचवीस वर्षं बसले ह्येच्या गाडीत, आज उतरवतीस व्हय मला?"

हे हसले. मोठ्यानं, मान मागं टाकून. "बसू दे. बेल दे."

"राईट," मी म्हणाले, आणि या खेपेला मुद्दाम म्हणाले.

डाव्या कडेनं, घोटाभर पाण्यातून, आम्ही सावकाश गेलो. भावांच्या शेजारून जाताना यांनी एक हात वर केला, समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला करतात तसा. त्या दोघांनी बिचाऱ्यांनी चिखलात उभं राहून सलाम ठोकला. पलीकडं परत उतार, तीन माणसांचं वजन, गाड्यानं वेग धरला, आणि हे सगळं बघत बघत चालवत होते. उजवीकडं आमची शाळा, डावीकडं पिठाची गिरणी, पारावरची माणसं. मी बघत होते यांची मान एकेका गोष्टीकडं वळताना. तेव्हा मला कळलं की हे आता जिंकायला चाललेले नाहीत. हे निरोप घेत चाललेत.

वेशीचं तोरण तीन दिवसांच्या पावसानं भिजून जड झालं होतं आणि मधे खाली लोंबत होतं. आमची शिंगं त्यात अडकली, दोर ताणला, तटकन तुटला, आणि कडुलिंबाच्या डहाळ्यांचा तो सगळा ओला भारा यांच्या गळ्यात येऊन पडला. पारावरच्या माणसांनी एकच कल्ला केला. कुणीतरी नारळ फोडला. तो काही यांच्यासाठी नव्हता, वेशीला दरवर्षी फोडतात. पण फुटला त्याच क्षणी.

मी ब्रेक ओढला आणि तसाच धरून ठेवला, कारण सोडला असता तर डोळे पुसावे लागले असते.

पुढचा तासभर पत्र्याच्या शेडखाली म्हाताऱ्यांचं भांडण चाललं. गाडा जिंकला, पण रंग कुठला? लाकूड धुऊन कोरं झालेलं. एक म्हणाला तांबडा, गेरू लावलेला मी बघितलाय. दुसरा म्हणाला, दिसतच न्हाई त्याला रंग कसं म्हणावं, तूर म्हणायची कशाच्या जोरावर? दरडावून दरडावून घसे बसले. शेवटी भाजीवाली मावशीच वैतागली. "डायवरचा रंग धरा की. खाकी हाय. वाळल्या सोयाबीनच्या शेंगा कसल्या असतेत?" निम्मं गाव हल्ली सोयाबीनच पेरतं, आणि बैलांच्या काळापासून त्या बिचाऱ्याचा रंगच कधी निघाला नव्हता. सगळ्यांनी एकमुखानं मान्य केलं. यंदा सोयाबीन.

घरी आल्यावर खाकी शर्ट मी सोड्यात भिजवायला घेतला. पाठीवर, छातीवर, सगळीकडं गेरूचे डाग. हे म्हणाले, "राहू दे. वाळव आणि ठेवून दे." सोमवार आला. मी इस्त्री तापवून वाट बघत बसले. यांनी कपडे मागितलेच नाहीत. मग मी त्याच इस्त्रीनं माझी साडी केली.

गुरुवारी आपणहून म्हणाले, "बीदरला जायचं न्हाई का? इंजेक्शन." राजेश्वरहून बस मिळाली. पहिली सीट रिकामी होती. मी सवयीनं तिकडं वळले, तर हे पुढं होऊन तिसऱ्या रांगेत खिडकीशी जाऊन बसले. मी शेजारी बसले. पाऊस उघडला होता. हे खिडकीतून ओल्या शेतांकडं बघत होते, आणि हुमनाबाद यायच्या आत यांची मान माझ्या खांद्यावर पडली. पुढं खड्डा आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, आणि माझं लक्ष आधी यांच्या उजव्या पायाकडं गेलं. पाय हलला नव्हता.